ओल एकीकडे, गळती दुसरीकडे

प्रश्न : नमस्कार दादा. आम्ही इंग्लंडमध्ये मिल्टन कीन्सला राहतो, मी, नवरा आणि दोन मुलं. ट्रेलर ओढायचा लायसन्सचा नियम डिसेंबर २०२१ मध्ये बदलला आणि १९९७ नंतर टेस्ट पास झालेल्यांनाही वेगळी परीक्षा न देता ओढता यायला लागलं, तेव्हापासून कॅरव्हॅन, म्हणजे कारमागे ओढायचं चाकांवरचं घर, डोक्यात होती. शेवटी या डिसेंबरात घेतली, २०१४ ची, चार बर्थची, एका डीलरकडून. हिवाळाभर स्टोरेजला उभी होती. मार्चमध्ये दार उघडलं तेव्हा जरा कुबट वास आला पण बंद होती म्हणून असेल म्हटलं. ईस्टरच्या सुट्टीत नॉर्थ वेल्सला गेलो, तिथे पाऊस आणि वारा, येताना हायवेवरही पाऊस. घरी आल्यावर पुढच्या सीटखालचं ड्रायव्हर साइडचं लॉकर उघडलं तर आतलं कार्पेट ओलं. पुसून घेतलं, तर दुसऱ्या दिवशी परत ओलं, आणि पाऊस तर तेव्हा थांबलेला होता. भिंतीच्या कागदावर खालच्या बाजूला गुलाबी ठिपके आहेत. आणखी एक, तिकडे साइटवर असताना रात्री सगळे नळ बंद असूनही पंप मधूनच एक सेकंद टर्र करून गप्प व्हायचा. डीलर म्हणतो तुम्ही चौघं आत झोपता, चहा-स्वयंपाक करता, ती वाफ आहे, खिडकी उघडी ठेवा. नवरा म्हणतो शनिवारी सगळ्या फटींना सिलिकॉन मारून टाकतो, विषय संपला. पाइप फुटलाय का, छप्पर गळतंय, की खरंच वाफ आहे? आणि हे आपलं आपण करता येतं का?
(मिल्टन कीन्स)

उत्तर : ताई, सगळ्यात आधी शनिवारचा सिलिकॉनचा कार्यक्रम रद्द करा. नवऱ्याला माझं नाव सांगा, राग माझ्यावर निघू दे.

कारणं दोन. पहिलं कारण पैशाचं आहे. तुम्ही डिसेंबरात डीलरकडून घेतली म्हणजे अजून सहा महिने व्हायचेत. ब्रिटनमध्ये कन्झ्युमर राइट्स अ‍ॅक्ट २०१५ प्रमाणे पहिल्या तीस दिवसांत वस्तू सरळ परत करता येते, तो वेळ तुमचा गेला, पण पहिल्या सहा महिन्यांत दोष दिसला तर तो विकतानाच होता असं धरतात आणि नव्हता हे सिद्ध करायची जबाबदारी विकणाऱ्याची असते. सहा महिन्यांनंतर हेच ओझं तुमच्याकडे येतं. आता तुम्ही बाहेरून सिलिकॉन फासून ठेवलं की डीलरला आयतंच सापडलं, तुम्हीच छेडछाड केली म्हणेल. तेव्हा आज संध्याकाळीच फोटो काढा, ओलं कार्पेट, गुलाबी ठिपके, लॉकरचा कोपरा, आणि तारखेसकट ईमेल करा, फोनवर नका बोलू. मग अप्रूव्ह्ड वर्कशॉप स्कीममधल्या (तपासून मान्यता दिलेले कॅरव्हॅन दुरुस्तीवाले) एखाद्या वर्कशॉपकडून, पण ज्याचा त्या डीलरशी संबंध नाही अशाकडून, डॅम्प रिपोर्ट करून घ्या. बरेचसे इंजिनियर घरी येऊन करतात. त्यात व्हॅनचा नकाशा काढून कुठल्या कोपऱ्यात किती टक्के ओल आहे ते लिहून देतात. हा कागद हातात आला की ‘ती वाफ आहे’ हे वाक्य बोलायला डीलर जरा कचरतो. त्याला दुरुस्तीची एक संधी द्यावी लागते, ती देऊनही नीट झालं नाही तर किंमत कमी करून मागता येते किंवा व्हॅन परत करता येते.

दुसरं कारण तांत्रिक, आणि माझ्या मते जास्त महत्त्वाचं. ज्या जागी ओल दिसते त्या जागी बहुतेक वेळा पाणी शिरलेलं नसतं. तुमच्या व्हॅनची भिंत म्हणजे बाहेर पातळ अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, मध्ये थर्माकोल आणि एखादी लाकडी पट्टी, आत तीन मिलिमीटरचं प्लाय आणि त्यावर कागद (कंपनीप्रमाणे थोडं वेगळं, काहींनी लाकूड काढून प्लास्टिक आणि अ‍ॅल्युमिनियमचे सांगाडे आणले, पण २०१४ च्या बऱ्याच गाड्यांत कुठे ना कुठे लाकूड आहेच). पाणी वर छताच्या कडेला शिरतं, पत्रा आणि थर्माकोलच्या मधून खाली उतरतं, एखादी लाकडी पट्टी आडवी आली की तिच्यावरून कडेकडेने सरकतं, आणि शेवटी फरशीला टेकलं की तिथे लॉकरमध्ये दिसतं. म्हणून तर पाऊस थांबल्यावर दुसऱ्या दिवशी तुमचं कार्पेट परत ओलं झालं, भिंतीत अडकलेलं पाणी उशिरा खाली आलं. लॉकरच्या कोपऱ्यात सिलिकॉन मारलं तर ते पाणी बाहेर पडायचं बंद होईल, शिरायचं नाही.

आता तुमचा खरा प्रश्न, हे कुठलं पाणी. कॅरव्हॅनमध्ये तीनच पाणी असतात, पावसाचं, पंपाचं आणि आपल्या श्वासाचं. तिन्ही एकाच वेळी असू शकतात, तुमच्याकडे मला निदान दोन दिसतायत. गोंधळ होतो तो आपण तिन्ही एकदम शोधायला जातो म्हणून, एकेकाला बाजूला काढलं की सोपं आहे.

पंपापासून सुरू करा कारण ते घरासमोर उभ्या गाडीत करता येतं. नळ बंद असताना पंप मधूनच एक सेकंद चालतो याचा अर्थ पाइपातलं प्रेशर हळूहळू उतरतंय आणि प्रेशर स्विच पंपाला परत उठवतोय. प्रेशर उतरायचं कारण कुठल्यातरी जोडाला थेंब थेंब गळती, किंवा पाणी उलटं भरणीच्या ड्रममध्ये जाऊ नये म्हणून जो नॉन-रिटर्न व्हॉल्व असतो तो नीट बसत नाही. बॅटरी उतरलेली असेल तरी प्रेशर स्विच असा चाळा करतो, म्हणून आधी बॅटरी फुल चार्ज करून बघा, फुकटचं काम आहे.

मग कोरड्या दिवशी, आणि हे महत्त्वाचं आहे, कोरड्याच दिवशी, बाहेर ड्रम भरून लावा, सगळे नळ उघडून हवा निघून जाईपर्यंत पाणी सोडा, गरम आणि थंड दोन्ही, मग बंद करा. साधे टिश्यू पेपर घ्या, टॉयलेट रोल चालेल, आणि प्रत्येक जोडाखाली एकेक घडी ठेवा. सिंकखाली, बेसिनखाली, शॉवरच्या मिक्सरच्या मागे, वॉटर हीटरला जिथे निळा आणि लाल पाइप जातो तिथे, बाहेरून पाणी जिथे आत येतं त्या सॉकेटच्या मागच्या बाजूला, टॉयलेटच्या फ्लशपाशी. हाताने चाचपडून पाण्याचा एक थेंब कळत नाही, टिश्यूवर डाग लगेच दिसतो. पंप चालू ठेवून रात्रभर सोडा. सकाळी जो टिश्यू ओला तो जोड. पुश-फिट, म्हणजे नुसता दाबून बसवायचा जोड असेल तर बहुतेक वेळा पाइप तिरका कापलेला असतो किंवा पूर्ण आत बसलेला नसतो, तेव्हा पंप बंद, प्रेशर सोडून द्या, जोडाच्या तोंडाची कडी (कॉलर) दाबून पाइप ओढा, टोक काटकोनात नवीन कापा आणि शेवटपर्यंत आत ढकला. पाइप आत घट्ट बसला की ओढून बघायचा. जुन्या गाड्यांत मऊ नळी आणि क्लिप असते, तिथे क्लिप आवळली की काम होतं.

सगळे टिश्यू कोरडे आणि तरी पंप टर्र करतोय, तर संशय नॉन-रिटर्न व्हॉल्ववर. तो आत गळत नाही, नुसता झोप मोडतो.

तुमच्या बाबतीत शॉवरचा मिक्सर नीट बघा. डिसेंबर ते मार्च स्टोरेजला होती आणि पाणी पूर्ण काढलं होतं का हे तुम्ही लिहिलं नाहीये. इथल्या थंडीत नळात उरलेलं कपभर पाणी गोठून फुगतं आणि मिक्सरच्या आतलं प्लास्टिकचं कार्ट्रिज, म्हणजे पाणी सोडणारा-अडवणारा भाग, तडकवतं, पाइप मात्र शाबूत राहतो, त्यामुळे सगळे पाइपच तपासत बसतात. हिवाळ्याआधी हीटरचा ड्रेन उघडायचा, सगळे नळ उघडे आणि मिक्सरचा दांडा मधोमध ठेवायचा, शॉवरची नळी हुकवरून काढून खाली ट्रेमध्ये टाकायची म्हणजे तिच्यातलंही उतरतं. हे शेवटचं हमखास राहून जातं.

सांडपाण्याची गळती वेगळी. ती प्रेशरमध्ये नसते, पाणी वाहतं तेव्हाच गळते, म्हणून वरच्या टिश्यूच्या परीक्षेत ती पास होते. सिंकमध्ये बूच लावून भरून एकदम सोडा आणि खाली टॉर्च धरा. शॉवर ट्रेला तडा असेल तर त्याच्याखाली फरशी कुजत बसते आणि कोणाला पत्ता नसतो, ट्रेमध्ये उभं राहून वजन इकडून तिकडे टाका, ट्रे खाली दबत असेल किंवा करकरत असेल तर बारकाईने बघा. आणि हीटर चालू असताना गाडीच्या खाली बाहेर थोडं ठिबकलं तर घाबरू नका, पाणी तापून फुगतं ते सेफ्टी व्हॉल्वमधून बाहेर जातं.

आता वाफेचं. डीलर अगदीच खोटं बोलतोय असं नाही, चार माणसं बंद डब्यात झोपली की सकाळी खिडक्यांवरून पाणी ओघळतं आणि गादीच्या खाली, बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कुशनच्या मागे ओल येते. पण वाफेची ओल सगळीकडे थोडी थोडी असते, एकाच कोपऱ्यात कार्पेट भिजवत नाही. खात्री करायची असेल तर लॉकरमधली भिंत वरवर पुसून कोरडी करा आणि जाड प्लास्टिकचा हातभर चौकोन चारही बाजूंनी टेप लावून चिकटवा, दोन दिवस ठेवा. पाणी प्लास्टिकच्या तुमच्याकडच्या बाजूला जमलं तर ती वाफ, मागच्या बाजूला जमलं तर भिंतीतून येतंय. याचाही फोटो काढा, डीलरच्या ईमेलला जोडायला. गुलाबी ठिपके मात्र सहसा मागचा बोर्ड बरेच दिवस ओला असल्याशिवाय उठत नाहीत, ते ईस्टरच्या चार दिवसांत आलेले नाहीत. अंगठ्याने दाबून बघा, भिंत बिस्किटासारखी दबली तर आतलं लाकूड गेलंय.

म्हणजे राहिला पाऊस, आणि माझा संशय त्याच्यावरच आहे. आता मला एक सांगा, स्टोरेजला उभी असताना पावसात हे लॉकर भिजत होतं का, की फक्त हायवेवरून ओढून आणल्यावर? उभी असताना कोरडी आणि ओढल्यावर ओली असेल तर वरचं छप्पर सोडा आणि खाली बघा, तुमच्या कारच्या चाकांचा फवारा व्हॅनच्या नाकाच्या खालच्या कडेवर बसतो आणि व्हॅनच्या स्वतःच्या चाकांचा व्हील आर्चमध्ये, म्हणजे चाकावरच्या कमानीत. तिथलं सीलंट, म्हणजे फट बुजवायचा मसाला, सुटलेलं असतं आणि रस्त्यावरचं पाणी सरळ फरशीत शिरतं. उभी असतानाही ओली होत असेल तर वरून. मार्चमध्ये वास होताच म्हणताय, म्हणजे मला वरून वाटतंय.

वरून शिरायच्या जागा ठरलेल्या आहेत. पहिली ऑनिंग रेल, म्हणजे तंबू अडकवायला छताच्या कडेने पुढून मागे जाणारी अ‍ॅल्युमिनियमची पट्टी. ती दोन्ही बाजूंना असते, तुम्ही तंबू एकाच बाजूला लावत असलात तरी. ती छत आणि भिंतीच्या सांध्यावर स्क्रूने बसवलेली असते, प्रत्येक स्क्रू म्हणजे एक भोक, आणि सगळ्या भोकांची भिस्त खालच्या मॅस्टिकवर, म्हणजे सांध्यात भरलेल्या लुकणासारख्या चिकट सीलंटवर. मॅस्टिक वर्षांनुवर्षं ऊन-थंडी खाऊन सुकतं, आकसतं. त्यात वेल्सचा पाऊस वरून न येता आडवा येतो, वाऱ्याबरोबर रेलच्या खालून घुसतो, घरासमोरच्या सरळ पावसात हीच व्हॅन कदाचित कोरडी राहील. त्यानंतर पुढची खिडकी, कोपऱ्यावरचे हँडल (लोक हँडल धरून व्हॅन ढकलतात, स्क्रू ढिले होतात, ही जागा मी कधी सोडत नाही), मार्कर लाइट (कडेचे छोटे दिवे), छतातली खिडकी, टीव्हीच्या अँटेनाचं भोक.

होजपाइपची परीक्षा दोघांनी करायची, एक बाहेर, एक आत टॉर्च घेऊन, लॉकर रिकामं आणि कुशन बाजूला. वीजेची केबल काढून ठेवा. पाणी बारीक, पावसासारखं, प्रेशर वॉशर अजिबात नको, त्या जोराने चांगलं सीलंट असलं तरी पाणी आत जातं आणि नसलेली गळती सापडते. खालून सुरुवात करा. आधी फरशीची कड दहा-पंधरा मिनिटं, मग हँडल आणि लाइट, मग खिडकीची खालची बाजू, मग वरची, आणि शेवटी रेल. वरून सुरू केलंत तर पाणी सगळ्यावरून ओघळतं आणि काहीच कळत नाही. थांबत थांबत करा, कारण भिंतीतून खाली यायला त्याला वेळ लागतो. यातूनही सापडलं नाही तर वर्कशॉपमध्ये उलटी परीक्षा होते, पंख्याने व्हॅनच्या आत हवा भरतात, बाहेरून साबणाचं पाणी फवारतात आणि जिथून हवा सुटते तिथे बुडबुडे येतात. पैसे पडतात पण अंदाजपंचे अर्धी व्हॅन उघडण्यापेक्षा स्वस्त.

आता समजा डीलरशी बोलणं फिसकटलं किंवा दुसऱ्या कोणी वाचकाने खासगीत घेतलीये आणि स्वतःच करायचंय. रेलच्या खोबणीत एक प्लास्टिकची पट्टी असते, ती ओढून काढा, तिच्याखाली स्क्रू दिसतील. हे स्क्रू सगळं सांगतात. ओळीने काढा आणि त्याच क्रमाने पुठ्ठ्यात टोचून ठेवा. चकचकीत स्क्रू म्हणजे तिथे कोरडं, गंजलेला स्क्रू म्हणजे तिथे पाणी येत होतं, आणि स्क्रू नुसताच फिरतोय, पकडत नाही, म्हणजे लाकूड कुजलं. यंत्राशिवाय गळतीची जागा दुसऱ्या कशानेही एवढी नेमकी कळत नाही.

रेल काढताना तिसरा माणूस हवा, लांब पट्टी असते, मध्ये वाकली की परत सरळ बसत नाही. जुनं मॅस्टिक प्लास्टिकच्या पातीने खरवडा, लोखंडी नको, आणि राहिलेला चिकटा व्हाइट स्पिरिटने. प्लास्टिकचे पुढचे-मागचे पॅनल आणि खिडक्यांवर कुठलंही सॉल्व्हंट लागू देऊ नका, खिडक्या अ‍ॅक्रिलिकच्या असतात, जाळीदार भेगा पडतात. मग न सुकणारं मॅस्टिक, ट्यूबमधलं किंवा ब्यूटिलची (चिकट रबराची) पट्टी, सलग, मध्ये न तोडता, आणि प्रत्येक भोकाभोवती थोडं जास्त. नवे स्टेनलेस स्क्रू. मधून सुरू करून दोन्ही टोकांकडे, हाताने आवळा, ड्रिलने नाही. मॅस्टिक कडेने सारखं बाहेर आलं पाहिजे, जिथे आलं नाही तिथे कमी पडलं. काही दिवसांनी परत थोडं आवळा, बाहेर आलेलं मग कापा, नवी पट्टी बसवा. दिवस कोरडा आणि फार थंड नसलेला निवडा.

सिलिकॉन का नाही हे नवऱ्याला सांगायचं असेल तर, ते पत्र्यावर अशी पातळ फिल्म सोडतं की नंतर त्यावर खरं सीलंट चिकटत नाही, ते पूर्ण काढणं हेच एक वेगळं काम होऊन बसतं. आणि आंबट वास येणारं जे साधं बाथरूमचं सिलिकॉन असतं त्यातून अ‍ॅसिड सुटतं, अ‍ॅल्युमिनियम खातं.

आतलं काम बाहेरचं झाल्यावर. लोक घाई करतात ती इथे. पाणी यायचं थांबलं तरी भिंत ओली आहे, लॉकरच्या आतला बोर्ड कापून काढा (फर्निचर कसं बसवलंय त्याचे आधी फोटो), ओला थर्माकोल आणि भुसा झालेलं लाकूड काढा, आणि मग डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल ओढणारं यंत्र, लावून सोडून द्या. चार दिवस नाही, काही आठवडे. लाकूड पूर्ण सुकल्याशिवाय त्यावर नवा बोर्ड लावलात तर कुजणं आत चालूच राहणार. फरशीत जाळी लावलेली भोकं दिसतील ती गॅस खाली निघून जायला ठेवलेली असतात, गार हवा येते म्हणून ती कधीही बुजवू नका. गॅसच्या पाइपाला हात लावायची वेळ आली तर तिथे थांबा आणि गॅस सेफ रजिस्टर्ड, म्हणजे गॅसच्या कामाची अधिकृत नोंदणी असलेला माणूस बोलवा.

तर स्वतः करता येतं का, पाइपाचा जोड नक्की, रेल दोन हौशी आणि एक शांत माणूस असेल तर हो, कोपऱ्याचा खांब आणि फरशी कुजली असेल तर नाही. तुमच्या बाबतीत आधी ईमेल आणि रिपोर्ट, पान्याचं नंतर बघू.

प्रश्न : सेकंडहँड टूरर, म्हणजे ओढून फिरायची कॅरव्हॅन, बघतोय. सर्व्हिसच्या कागदावर मागच्या डाव्या कोपऱ्यात २२ टक्के ओल लिहिलीये, बाकी सगळीकडे ११-१२. विकणारा म्हणतो २५ पर्यंत काही नसतं. घ्यावी का? किंमत चांगली आहे.
(लेस्टर)

उत्तर : भाऊ, आकड्यापेक्षा आकड्याचा शेजार बघायचा. सगळीकडे १८ असतं तर मी म्हटलं असतं दमट दिवशी मोजलंय, कोरड्या दिवशी परत मोजा. पण सगळीकडे ११ आणि एका कोपऱ्यात २२ म्हणजे तिथे पाणी येतंय. साधारण धरतात ते असं, १५ पर्यंत ठीक, १५ ते २० लक्ष ठेवा, २० च्या वर कारण शोधा, ३० च्या वर लाकूड खराब झालेलं असायची दाट शक्यता. लाकूड कुजवणारी बुरशी वीसच्या वर कुठेतरी जगायला लागते, त्यामुळे ‘२५ पर्यंत काही नसतं’ हे विकणाऱ्याचं शास्त्र झालं.

मीटरही सरसकट खरं बोलत नाही. दोन टोचणाऱ्या पिना असलेला मीटर धातूच्या पट्टीजवळ किंवा स्क्रूवर टेकला तर उगाच मोठा आकडा दाखवतो, आणि नुसता वरवर धरायचा मीटर मागे पत्रा असेल तर फसतो. म्हणून एकाच जागी नाही, त्या कोपऱ्यात वर-खाली, डावीकडे-उजवीकडे हातभर अंतराने मोजायला सांगा. आकडा वर जाताना वाढत गेला तर पाणी रेलकडून, खाली जाताना वाढला तर मागच्या लाइटपासून किंवा खालच्या कडेने, नाहीतर वरून उतरून तळाला साठलेलं. आधीच्या वर्षांचे सर्व्हिसचे कागद मागा. मागच्या वर्षी १४ आणि आता २२ असेल तर ती चालू गळती आहे, दरवर्षी २२ च असेल तर एकदा भिजून थांबलेलं किंवा मीटरचा घोळ असू शकतो.

कंपनीची पाणी शिरण्याची वॉरंटी शिल्लक आहे का बघा, ती बऱ्याच कंपन्यांची सहा ते दहा वर्षं असते पण दरवर्षी ठरलेल्या मुदतीत सर्व्हिस करून घेतली तरच, एक वर्ष चुकलं की गेली. वॉरंटी नाही आणि विकणारा खासगी असेल तर घेतल्यावर दाद मागायला फारसं काही उरत नाही. मी तरी दुरुस्तीचं कोटेशन काढून ते किमतीतून वजा करून मागितलं असतं आणि तो नाही म्हणाला तर दुसरी बघितली असती. इथे टूरर व्हॅनला तोटा नाही.

प्रश्न : खिडकीच्या दोन काचांच्या मध्ये पाणी साठलंय, गळती आहे का? खिडकी बदलायला खूप पैसे सांगतायत.
(रेडिंग)

उत्तर : काच नाही, दोन अ‍ॅक्रिलिकच्या शीट एकमेकींना चिकटवलेल्या असतात आणि थोडी वाफ मध्ये जाते, उन्हात निघूनही जाते. आतल्या बाजूला कोपऱ्यात छोटी प्लास्टिकची बुचं असतील, ती अलगद काढा, व्हॅन कोरड्या उबदार दिवशी उघडी ठेवा, सुकलं की बुचं परत. हेअर ड्रायर जवळून मारू नका, शीट वाकते. शीटचा जोडच सुटला असेल आणि तळाला पाणी हिंदकळताना दिसत असेल तरच बदला.

प्रश्न : आम्ही टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन पुण्यात फॅब्रिकेटरकडून कॅम्पर करून घेतली. छताला फॅन बसवलाय. पहिल्याच पावसाळ्यात लाइटच्या भोकातून पाणी ठिबकतंय. त्याने दोनदा येऊन वरून एम-सील लावलं, परत तेच. आता एसी काढून टाका म्हणतोय.
(पुणे)

उत्तर : लाइटचं बटण आधी बंद करा, आणि इन्व्हर्टरची २३० व्होल्टची वायर छताच्या त्या भागातून गेली असेल तर तो सर्किटही. पाणी वायरला धरून प्रवास करतं, लाइटचं भोक हे त्याला बाहेर पडायला सापडलेली पहिली जागा, फॅन तिथून बराच लांब असू शकतो.

एसीचा उल्लेख आला म्हणून विचारतो, पाऊस नसताना एसी चालवल्यावर ठिबकतं का? दुपारी कडक उन्हात एसी दोन तास चालवून बघा. तेव्हाही ठिबकलं तर ते पावसाचं पाणीच नाही, एसीच्या ट्रेमध्ये साठणाऱ्या पाण्याची ड्रेन नळी तुंबलीये किंवा तिचा उतार चुकलाय. नळी साफ केली की झालं, एसी काढायची काही गरज नाही.

पावसातच गळत असेल तर फॅनच्या चौकटीवर माझा संशय. व्हॅनच्या छताच्या पत्र्याला मजबुतीसाठी नाळी पाडलेल्या असतात आणि फॅनची चौकट सपाट असते. सपाट चौकट नाळींवर ठेवली की खाली बोगदे राहतात, ते फॅब्रिकेटरने सीलंट भरून बुजवलेले असतात. नाळीत पाणी साठतं, गाडी खड्ड्यातून गेली की छत आणि चौकट वेगवेगळे हलतात, सीलंट सुटतं. एम-सील तर दगडासारखं कडक होतं, हलत्या जोडावर चिरणारच, दोनदा लावा नाहीतर दहा वेळा.

फॅन खाली उतरवायला सांगा, वरून लेप नको. नाळींच्या आकाराचे तुकडे चौकटीखाली बसवून सपाटी करायची, पत्रा कापलेल्या कडेला गंजरोधक रंग मारायचा (हा बहुतेक जण मारत नाहीत, तुमच्याकडे बघून घ्या), मग ब्यूटिलची टेप, चौकट, स्क्रू, आणि वरून स्क्रूच्या डोक्यांवर व कडेला लवचिक पॉलियुरेथेन सीलंट. हेच कॅरियरच्या बोल्टना, सोलर पॅनलच्या ब्रॅकेटना आणि वायर आत शिरते त्या भोकावरच्या केबल ग्लँडला. आधीचं एम-सील आणि सिलिकॉन पूर्ण खरवडल्याशिवाय नवं चिकटणार नाही, त्यात त्याचा अख्खा दिवस जाईल, म्हणूनच तो टाळतोय. पावसाळा असेल तर शेडमध्ये करून घ्या, ओल्या पत्र्यावर टेप धरत नाही. काम झाल्यावर पैसे द्यायच्या आधी फॅनच्या चारही बाजूंना पाण्याचा पाइप अर्धा तास धरायला लावा, लाइट काढून ठेवून, आणि तुम्ही आत बसा.